विजयाबाईंची परात

विजयाबाईंचा हट्टीपणा मला कधीच सोसला नाही, पण त्यांच्याशिवाय आमची चंपाषष्ठीही कधी झाली नाही. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत त्या शिवणकाम शिकवतात. टीप वाकडी गेली की सत्तरीतही स्वतः उसवतात. घरात एकट्या, सोबतीला म्हातारा कुत्रा गुंड्या. खंडोबाचा नैवेद्य झाला की गल्लीतले सगळे पाळीव कुत्रे बोलावून एकाच पितळी परातीत भरीत-रोडगा वाढायच्या. कुणी वेगळी वाटी आणलीच, तर "देवाच्या दारी पंगतभेद नको" म्हणून परत पाठवायच्या.

गेल्या वर्षी षष्ठीच्या आठवडाभर आधी माझी कुत्री चिंगी खोकू लागली. डॉक्टर म्हणाले, "कुत्तों का फ्लू लगता है. चार हफ्ते किसी कुत्ते के पास मत ले जाना. बर्तन भी अलग." मी मान डोलावली. षष्ठीपर्यंत खोकला थांबला होता.

त्या दिवशी विजयाबाईंनी खिडकीतून हाक मारली, "मंजिरी, सगळे जमले न, तुझीच राहिली. जल्दी ये!" त्यांच्यापुढे तोंड कोण उघडणार? म्हटलं, एका दिवसानं काय बिघडतंय. चिंगीनं गुंड्याच्या शेजारीच परात चाटली.

चार दिवसांनी गुंड्या खोकू लागला. गल्लीतले आणखी दोघेही. ते तरुण, सावरले. गुंड्याला न्यूमोनिया झाला आणि दहाव्या दिवशी तो गेला. मी भेटायला गेले तेव्हा विजयाबाई परात घासत बसल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, परातीतून कुणाची तरी लागण झाली. तुझी चिंगी तर बरी होती न?"

"हो, बरी होती." इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. आजही स्वतःची लाज वाटते.

यंदा परात निघालीच नाही. विजयाबाईंनी कुत्र्यांना एकेक करून बोलावलं, प्रत्येकाला वेगळा द्रोण. दारातच विचारत होत्या, "खोकला तर नाही न?" ज्याला होता, त्याचा नैवेद्य घरी पाठवला. मी मुद्दाम शेवटी गेले. या वेळी सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

"माझ्या हट्टापायी गेला गं गुंड्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाट्या आणत होता, मीच ऐकलं नाही."

"बाई, मला तुम्हाला..."

पण त्या खाली वाकून चिंगीपुढे द्रोण ठेवत होत्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हिला काय विचारायचं? ही तर तेव्हाही बरी होती."

चिंगी खाऊ लागली. द्रोण रिकामा झाला, तशी तिला घेऊन मी घरी आले.