मुंगीचं ओळखपत्र

शिलाईच्या दुकानात सगळ्या तिला मुंगी म्हणत, कारण तिला रिकामं बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. काजं झाली की बटणं, बटणं झाली की जमिनीवरचे दोरे. दुकानाच्या मालकीणबाईंना, म्हणजे ताईंना, तिचं कोण कौतुक! माप द्यायला गिऱ्हाईक आलं की त्या सांगत, "आधीच्या कारखान्यात हिला बाहेरून कडी लावून राबवायचे हो. कागदपत्रंसुद्धा काढून घेतलेली. पळून आली बिचारी. आणि इथे बघा, ताप असला तरी सुट्टी घेत नाही!"

मुंगी मान खाली घालून दोरा ओवत राही.

कचेरीत खेटे घालून तिचं नवं ओळखपत्र ताईंनीच करून आणलं होतं. ही धांदरट, कुठेतरी हरवून बसेल, म्हणून त्यांनी ते आपल्या कपाटात ठेवलं, लेकीच्या प्रमाणपत्रांबरोबर. त्याला आठ महिने झाले.

एका दुपारी बाकीच्या जेवायला गेल्यावर मुंगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. ताई अस्तर कापत होत्या.

"ताई, मला सोडाल का?"

"सोडाल का म्हणजे? मी काय तुला बांधून ठेवलंय?"

"बहिणीचे दिवस भरत आलेत. तिच्याजवळ कुणी नाही."

"अगं मग जा की! तोंडात काय मूग धरले होतेस इतके दिवस?"

मुंगी हलली नाही. "कागद तुमच्याकडे आहे."

"वेडाबाई, तो जपून ठेवलाय मी. मागायचा नाहीस का?"

"कारखान्यातला मुकादमपण जपूनच ठेवलाय म्हणायचा."

टोमणा नव्हता तो. कापड किती लागेल ते सांगावं, तशा सुरात ती बोलली होती.

ताईंनी कात्री खाली ठेवली. तापात फणफणत ही काजं करत बसली होती, आणि आपण ते मिरवलं. चार बायकांपुढे, चहा पीत.

"इथलं काम तुला नकोसं होतं का गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही हो. काजं आवडतात मला. पण उठून जाता येईल की नाही, तेवढं कळत नव्हतं."

कपाट उघडताना ताईंना चावी सापडेना. ती त्यांच्याच कमरेला होती. लेकीचे कागद असे कुणी अडकवून ठेवले असते, तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. ओळखपत्र हाती येताच मुंगीने ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि पिशवीत तळाशी घातलं.

"परत येशील ना?"

"बघते."

"एवढं केलं तुझ्यासाठी आणि—" ताईंच्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता. दाराशी पोचलेली मुंगी जागीच थबकली. पिशवी तिने छातीशी घट्ट धरली.

"काही नाही, काही नाही. जा तू. बहीण वाट बघत असेल."

तरी ती उंबऱ्यातच उभी. हे खरंच 'जा' आहे की आणखी काही, ते ताईंच्या चेहऱ्यावर शोधत होती. ताईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी मान खाली घातली आणि कापून झालेलं अस्तर उगाचच पुन्हा मोजायला घेतलं. चपलांचा आवाज रस्त्यावर लांब जाईपर्यंत त्यांची मान वर झाली नाही.