पेंटर आणि देखणं हिरवं बटण

समोरच्या खोलीतले पेंटर दुपारी झोपले की त्यांचं उजवं बोट पांघरुणावर अक्षरं काढत असतं. मी खिडकीतून बघते. शेजारधर्म, दुसरं काही नाही. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग पाट्या उतरल्या, त्यांच्या जागी छापील फलक आले, आणि पेंटरांचा हात कापायला लागला. आता चहा ओठांशी पोचेतो निम्मा बशीत असतो.

पाट्या उरल्या त्या फोटोंत. तीनशेच्या वर फोटो, सगळे एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात. पेंटर एकेक उघडत जातात, खोलीत कलतं ऊन असतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं, आपण एका नसलेल्या रस्त्यानं सावकाश चाललोय. शिंपी, छत्र्या दुरुस्त करणारा, लाकडाची वखार, पुन्हा शिंपी. मला तर एकदा वखारीपाशी भुशाचा वासही आला. पेंटरांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, तो पेन्सिलीच्या सालपटांचा.

या महिन्यात त्यांच्या लेकीनं दूरच्या गावी चष्म्यांचं दुकान काढायचं ठरवलं. पाटी बाबांच्या अक्षरांतच हवी, हा हट्ट. बाबांच्या हाताचा विषय तिनं काढला नाही, नुसती वाट दाखवली. अक्षरं आखायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, जुन्या फोटोवरून अक्षर उचलून हवं तेवढं मोठं करता येतं. नाव सांगितलं आणि म्हणाली, मी आले की घालून देते. पण काम आलं की लगेच ब्रश भिजत घालायचा, ही पेंटरांची जन्माची खोड. ते दुपारीच शोधायला बसले.

पहिल्याच ठिकाणी ते हिरवं बटण होतं. कडा मऊ, मागे हलकी सावली, ‘उतरवून घ्या’ ही अक्षरं ठसठशीत आणि अगदी मधोमध. बाजूला तीन बाण लुकलुकत होते. पेंटरांनी मला हाक मारून दाखवलं.

‘‘कुणीतरी कारागीर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘लबाड माणूस एवढी मेहनत घेत नाही.’’

आणि दाबलं. मग जे जे विचारलं गेलं त्याला भल्या माणसासारखं ‘हो, पुढे’ म्हणत गेले. थोड्या वेळानं पंखा घरघरला आणि पडद्यावर चौकटींवर चौकटी उगवल्या. तुमच्या कॉम्प्युटरला सतरा रोग झालेत, ताबडतोब या नंबरावर फोन करा. फोटो उघडेनात. छत्रीवाल्याची पाटी अर्धी येऊन थांबली.

वहिनी दारात उभ्या होत्या. ‘‘जन्मभर लोकांना पाट्यांनी भुलवलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता स्वतः भुलले.’’

लेकीला फोन लावला. तिनं बजावलं, त्या नंबरावर मुळीच फोन करू नका, इंटरनेटची वायर काढा, मशीन बंद करा. जाता जाता मऊ आवाजात म्हणाली, ‘‘राहू द्या बाबा. शुक्रवारी फलक करायला टाकायचाय. मी इथंच छापून घेते.’’ पेंटर ‘बरं’ म्हणाले. तो ‘बरं’ ऐकून मला उगाच घरी जाऊन भांडी घासावीशी वाटली.

दोन दिवस कॉम्प्युटर दुरुस्तीवालीकडे होता. टेबलावर त्याच्या जागी धुळीची चौकट होती, आणि पेंटर तिच्यापुढे बसून मनातले फोटो उघडत होते. तिसऱ्या दिवशी ती आली. कीड काढली होती, फोटो शाबूत होते. सगळ्यांची एक नक्कल तिनं पेनड्राइव्हवर वेगळी काढली होती. ती वहिनींनी दागिन्यांच्या डबीत ठेवली, आणि जागा पुरेना म्हणून दागिने बाहेर काढले. दुरुस्तीवालीनं एवढंच सांगितलं, फुकटची वस्तूसुद्धा ज्यानं बनवली त्याच्याच दारातून घ्यावी, रस्त्यातल्या दलालाकडून नाही.

गुरुवारी दुपारी पेंटर पुन्हा बसले. तेच हिरवं बटण आलं. या वेळी ते नुसते बघत राहिले, मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

‘‘अहो, ही तर माझीच पाटी आहे.’’

मग त्यांनी सांगितलं. पेनांचं एक जुनं दुकान होतं, पाटी तळहाताएवढी आणि पुसट. समोर त्याच नावाचं दुसरं निघालं. त्यानं पेंटरांकडून भिंतभर पाटी करून घेतली, ‘असली, जुने, एकमेव’, आणि दारापर्यंत बाण. जुन्या दुकानदारानं आपल्या पाटीला हातही लावला नाही. कशाला लावील? पेनं तोच बनवायचा.

पेंटर मग पडद्यावर चालायला लागले, रस्त्यानं चालावं तसे, बोटानं दाखवत. हिरव्या बटणाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ लिहिलं होतं. वरच्या पट्टीतला पत्ता भलत्याच घराचा. बनवणाऱ्यांचं नाव कुठंच नाही. पुढची दोन पानंही तशीच, बाणांची. तिसरं सापडलं ते राखाडी, रुक्ष. कुणी बनवलं, केव्हा सुधारलं, अडलं तर कुणाला विचारायचं, सगळं साध्या ओळींत, आणि उतरवून घ्यायचा दुवा कोपऱ्यात. तरी पेंटरांनी हात आवरला. लेकीला फोन करून पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवला. तिनं तो तिकडे ताडून पाहिला. मग ती म्हणाली, ‘‘हेच, बाबा.’’

उरलेली दुपार मी तिथंच होते, कामं टाकून. पेंटर शिंप्याच्या पाटीवरून एक अक्षर उचलत, वखारीवरून दुसरं. माउस थरथरायचा, मग ते की-बोर्डवरच्या बाणांनी अक्षर केसभर सरकवत. बोट कापलं तरी पडद्यावरची रेघ कापत नव्हती. न राहिलेला अख्खा रस्ता हळूहळू सात अक्षरांत येऊन उभा राहिला. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो सांडला नाही, कारण प्यायलाच नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा पेंटरांनी लेकीला पुन्हा फोन लावला. झालं वगैरे काही सांगितलं नाही. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी विचारलं, दुकानाचं दार किती रुंद आहे?