ढगांवरचा पाळणा

काकडीला तिखट-मीठ चोळल्याचा वास आला की मला रायगडच्या रोपवेची रांग आठवते. लग्नाला दोनच महिने झाले होते. सानपाड्याच्या घरात मी सासूबाईंशी कामापुरतंच बोलायचे, त्यांना हाक मारायचंही टाळायचे. त्या दिवशी बाकीचे पायऱ्यांनी गेले आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसोबत मला पाळण्यात बसवलं. तो सुटला, खाली दरी उघडली आणि मी डोळे घट्ट मिटले. "घाबरलीस? मीपन घाबरलेय," म्हणत त्यांनी माझा हात धरला. "पन डोळे उघड गं, ढग बघ कसे आपल्या खालून चाललेत!" मी पाहिलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. वर उतरताना "आई, सांभाळून" असं माझ्या तोंडून सहज निघून गेलं. आता आमचं भांडणही होतं, अगदी मनमोकळं.