बोर आणि घोटबोर

पुण्याहून येऊन नांदुऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा माझा रुबाब काही विचारू नका. गळ्यात कॅमेरा, पायात डोंगर चढायचे बूट. मोताळ्याला माझी मैत्रीण सुनंदा राहते. तिच्या नातवाचं बोरन्हाण (संक्रांतीच्या सुमारास लहान मुलाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओततात तो सोहळा) होतं.

"बाजारातली बोरं आणू नका. डोंगरावरची अस्सल मी आणते," मी पोचताक्षणी जाहीर केलं.

"काऊन धडपड करून राह्यली?" सुनंदा म्हणाली. ऐकेन ती मी कसली.

डोंगराच्या उतारावर बोरी होत्या, पण पोरांनी त्या झोडपून रिकाम्या केलेल्या. शेजारीच तशीच काटेरी, जरा रुंद पानांची झाडं हिरवट-करड्या फळांनी लगडली होती. कच्ची बोरं दिसतात, ओतायला चालतील, असं म्हणत मी पिशवी भरली. एखादं चाखून बघायचं काही सुचलं नाही.

संध्याकाळी शेजारणी जमल्या. सुनंदाची सून अश्विनी हलव्याचे दागिने घातलेल्या अर्णवला घेऊन पाटावर बसली. पहिली ओंजळ पुण्याच्या पाहुणीची. मी हौसेने ओतली आणि पोरानं टाहो फोडला. कपाळावर टेंगूळ आलं.

"अवं बाप्पा, हे तं घोटबोरं हायेत," एका शेजारणीनं फळ उचलून दाखवलं. घोटबोर ही बोरीची चुलतबहीण. फळ लाकडासारखं टणक, खायच्या कामाचं नाही.

"अश्विनी, तुले निवडून घेता नाही आलं?" सुनंदा कडाडली.

"चुकलं, आई," ती खाली मान घालून म्हणाली.

लेकाच्या कौतुकाच्या दिवशी त्या पोरीची चारचौघींत शोभा झाली, आणि मी भिंतीला टेकून गप्प. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायका गेल्यावर मी सुनंदाला गाठलं. "तिला का बोललीस? चूक माझी होती."

"मालूम हाय मले. पाहुण्याले कसं बोलू? घरच्याले बोललं, झालं."

अश्विनी कपाटाखालून घोटबोरं झाडून काढत होती. मी माफी मागितली. "जाऊ द्या, मावशी," एवढंच म्हणाली, मान मात्र वर केली नाही.

बोर आणि घोटबोर आता मी झोपेतही ओळखीन. पण ते शिकायला दुसऱ्याचं लेकरू लागलं, आणि त्याच्या आईची मान खाली गेली, याची लाज अजून वाटते. सकाळी निघताना अर्णवला घ्यायला मी हात पुढे केले. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.