बेल इनासकाकांची

इनासकाका कुठूनही उठताना जवळच्या लाकडावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत. लग्नाचं जेवण आटोपलं की टेबलावर, आमच्या ओसरीवरून निघाले की खांबावर. एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षं त्यांनी बेलची दोरी ओढली होती. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. त्यांना जाऊन आता वर्ष झालं, पण तारकर्लीत कुणी दार दोनदा वाजवलं तरी माझी मान वळते.

मी कुडाळच्या कॉलेजात होतो तेव्हा कसालपर्यंत त्यांच्याच गाडीने जाई. एकदा परतताना कसालच्या बाजारातली एक म्हातारी टोपली घेऊन चढत होती आणि पुढच्या सीटवरचे एक साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवत ड्रायव्हरच्या मागे लागले होते. काकांनी आधी टोपली वर घेतली, मग म्हातारीला, मग तिला सीट मिळवून दिली. "साहेबानू," ते म्हणाले, "गाडी डायवर हाकता, पण सुटता ती माझ्या बेलीवर." हे वाक्य ते कुठेही वापरत. रोझीकाकींनी जेवायची घाई केली तरी हेच.

निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. "माका" एवढाच शब्द नीट यायचा. गोव्याच्या इस्पितळातून ते घरी आले तेव्हा मी शेजारी, माझ्याकडे गाडी आणि माझं तोंड चालू. मीच त्यांचा वकील झालो. मालवणच्या डॉक्टरांनी विचारावं, मी उत्तर द्यावं. काका मधल्या खुर्चीत सामानासारखे बसलेले. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळीचं काहीतरी सांगितलं. मी "हो, हो" म्हणून चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून काका ती नवी गोळी तोंडात घेईनात. इस्पितळातून आणलेली जुनी मुकाट्याने घेत, नवी थुंकून टाकत. "हट्टी झालो आसा रे," रोझीकाकी रडकुंडीला आल्या, "आजारान डोक्या फिरला त्येचा." मग मीच शहाणपणा केला. गोळी कुटून पेजेत घालायला सांगितलं. काकांनी डाव्या हाताने पेजेचा वाडगा उलटा केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो.

तक्रार घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. "औषधं घेतात ना?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नाही हो, त्यांना समजतच नाही..."

टक्!

काकांनी डाव्या हाताने टेबलावर एकदाच, पण असं वाजवलं की डॉक्टरांचं पेन थांबलं. मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा टक्! मग त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "माका... माका..." कपाळावर घाम आला. पुढचा शब्द त्यांनी अक्षरशः ओढून काढला. "...इचार."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. काकांनी खिशातून दोन्ही गोळ्यांची पाकिटं काढून शेजारी शेजारी ठेवली. एक बोट उभं करून होकाराची मान हलवली, मग दोन बोटं उभी करून नकाराची.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ही नवी गोळी जुनीच्या ऐवजी होती. औषध एकच, कंपनी वेगळी. मी सांगितलं होतं तुम्हाला. दोन्ही पोटात गेल्या असत्या तर रक्तस्राव झाला असता."

सांगितलं मला होतं, ऐकलं काकांनी होतं. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र रागावले नाहीत. माझ्या गुडघ्यावर हलकेच दोनदा टकटक करून त्यांनी मला उठवलं.

त्यानंतर डॉक्टर प्रश्न त्यांनाच विचारू लागले आणि उत्तराला वेळ देऊ लागले. व्यायामाने काका काठी घेऊन चालू लागले, दहा-वीस शब्द परत आले. एके दिवशी डॉक्टरांच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी आमच्याकडे वळून चौकटीवर एकदाच वाजवलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

"एकटोच? बोलतलो कसो तो?" रोझीकाकींनी माझं मनगट धरलं. आम्ही बाकावर श्वास रोखून बसलो. माझ्या जिभेवर सगळी उत्तरं तयार होती आणि ती कुणालाच नको होती.

आतून टेबलावर टकटक ऐकू आली. दोनदा.

रोझीकाकींनी पदराने डोळे पुसले. "सुटली रे गाडी," त्या म्हणाल्या.