बनाबाईचं लुगडं

बनाबाईच्या नवऱ्यानं, मानसिंगनं दारू सोडली, ही गोष्ट आमच्या रहिमतपुरात समद्यांना ठाऊक. बनाबाईनं काय सोसलं ते मात्र मलाच ठाऊक, कारण आमची भिंतीला भिंत. मी भामाबाई, तिची शेजारीण.

गडी लढाईवरनं आला तो पलटणीतली रमची सवय घिऊनच. हितं रम कुठली? मग हातभट्टी. त्यापायी घरात रोज शिवीगाळ, मारहाण. भिंतीअल्याडनं मीबी त्या मुडद्याला लय शिव्या घातल्या, पर उपेग काय? मग सरकारनं पैका दिला आन् गावात दारूबंदीचं केंद्र निघालं. तिथं चहा, पेटी, भजन. तलफ अनावर झाली तर औषध. मानसिंग तिथं जाऊन बसाय लागला, आन् खरंच सुटली की वो त्याची! बनाबाई चार घास खायाला लागली, माझ्याशी बोलाय लागली.

एक दिस कळलं, साहेब येनार. केंद्राची सरकारी मदत चालू ठिवायची का बंद, ते त्यो बघून ठरवनार. केंद्र मोडलं तर ह्यो परत भट्टीवर जाईल, ह्या धास्तीनं बनाबाईच्या तोंडचं पानी पळालं. केंद्राचे गंगाधरपंत म्हनाले, "साहेबांपुढे नाटक करू. मानसिंग, दारुड्या तूच हो. तुझ्याइतकं कुणाला जमणार?" समदी खिदळली. मानसिंग खाली मान घालून बरं म्हनाला.

बायकोचं सोंग शिंप्याच्या मधूकडं. नाटकाला लुगडी घरोघरनं मागायची आमच्यात रीत हाय. मधू बनाबाईकडं गेला. तिच्यापाशी दोनच, अंगावरचं सोडून दुसरं, हिरवं, तिनं दिलं. केंद्राचं काम, न्हाई कसं म्हनावं?

दुपारी चावडीपुढं नाटक उभं ऱ्हायलं. मानसिंग झोकांड्या देत आला, लोकं पोट धरून हसली. मधूला मारायला त्यानं हात उगारला, आन् हात तसाच ऱ्हायला. लुगड्याच्या खांद्यावर शिवण व्हती, पांढऱ्या दोऱ्याची. हिरवा दोरा घरात नव्हता तवा.

"हाण की रं!" कुनीतरी वरडलं.

"हे मी फाडलंय," मानसिंग म्हनाला. "ह्याच हातानं. बनीला वढताना." आन् मटकन खाली बसून रडाय लागला.

आन् साहेबानं टाळ्या वाजिवल्या! "वा! काय नट आहे!" मग गावानंबी वाजिवल्या. मदत तिथंच मंजूर झाली. बनाबाई तोंडावर पदर घिऊन उठली, तवा लाजंनं माजीच मान वर हुईना.

दिवेलागणीला भिंतीपल्याड मानसिंगचा आवाज आला. "बने, केंद्र चालू ऱ्हायलं."

"बरं झालं," ती म्हनाली. "पर आवं, साहेबाला सांगितलंसा, गावाला सांगितलंसा. खांदा माजा दुकला व्हता. मला कवा बोललासा?"

मग मानसिंग कसाबसा बोलला, "चुकलं माजं."

"तेवढ्यानं भागत न्हाई," बनाबाई म्हनाली. "बसा. आता समदं बोला."