चर्चच्या बाजूला दोन वीत

ऑलिव्ह ग्रिमशॉबाई काचेत शिरताना बूट काढायच्या. काचेत म्हणजे दुकानाच्या दर्शनी खिडकीत, जिथे माल मांडून ठेवतात तिथे. ब्रॅकनशॉ गावातल्या हॉलरॉइडच्या चार मजली दुकानात चौतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. पायात लोकरी मोजे, तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे कामावर त्या कोणाशी बोलत नसत, आणि पुढे काम सुटल्यावरही ती सवय काही सुटली नाही.

या धंद्यात एक अडचण असते. आत उभ्या असलेल्या माणसाला आपण केलेली मांडणी रस्त्यावरून कशी दिसते ते कळत नाही. म्हणून फुटपाथवर एक जण उभा लागतो. ऑलिव्हबाईंसाठी तो माणूस म्हणजे त्यांची मैत्रीण एडी. पाऊस असो, बर्फ असो, एडी छत्री धरून बाहेर उभी. रस्त्याच्या एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला पोस्ट. हात चर्चच्या दिशेला हलवला की तिकडे सरकवायचं, पोस्टाच्या दिशेला हलवला की तिकडे. मूठ मिटली की संपलं, आता बोटही लावायचं नाही. आतल्याने कितीही नाक मुरडलं तरी बाहेरच्याचा शब्द शेवटचा, हा त्यांच्या धंद्याचा नियम होता, आणि ऑलिव्हबाई नियमाच्या पक्क्या.

हॉलरॉइड बंद पडलं आणि वर्षाच्या आत एडी गेली. नवरा गेला की लोक घरी येतात, केक आणतात. मैत्रीण गेली म्हणून सांत्वनाला यायची कुठे पद्धत नसते. ऑलिव्हबाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घरी तसा केक कधी आलाच नाही.

पुढच्या दहा वर्षांत मार्केट स्ट्रीटवरची दुकानं एकेक करून मिटली. खाटीक गेला, बेकरी गेली, चपला-बुटांचं दुकान गेलं. शेवटी रिकाम्या दुकानांचं काय करायचं यावर वाचनालयात सभा झाली. एक जण म्हणाला, राहायला खोल्या काढा. दुसरा म्हणाला, पाडा आणि गाड्या लावायला जागा करा. तिसऱ्याने भाडी कमी करायचं नाव काढलं, तेव्हा व्यासपीठावरची मंडळी छताकडे बघायला लागली. मग नगरपालिकेच्या टॅमसिनने, वयाने पोरच म्हणायची, प्लास्टिकचे मोठे कागद उलगडून दाखवले. त्यावर दुकानांची चित्रं छापलेली. छापलेले पाव, छापलेला हसरा वाणी. ते रिकाम्या काचांवर चिकटवायचे, की रस्ता भरल्यासारखा दिसतो.

मागच्या रांगेतून ऑलिव्हबाई उठल्या. "खोटंच दुकान दाखवायचंय ना? मग निदान हाताने केलेलं दाखवा. किल्ल्या द्या मला."

फुकटात होतंय म्हटल्यावर नगरपालिका कशाला नाही म्हणेल? बसथांब्याच्या समोरची ओळीतली तीन दुकानं त्यांना मिळाली: बेकरी, बुटांचं दुकान आणि कोपऱ्यावरची हॉलरॉइडची मोठी काच. मुदत नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा समिती बघणार आणि ठरवणार, बाई की कागद.

बाईंना तर जन्म परत मिळाल्यासारखं झालं. त्यांनी मीठ घातलेल्या कणकेचे पाव भाजून कडक केले. गावातल्या लोकांकडून जुने बूट मागून आणले आणि प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधली. पण बाहेर उभं राहायला कोणी नव्हतं. एक पाव ठेवायचा, खाली उतरायचं, बूट घालायचे, रस्ता ओलांडायचा, बघायचं, परत यायचं, बूट काढायचे, पाव चार बोटं सरकवायचा. असं दिवसातून तीस-चाळीस वेळा. वय एकाहत्तर. गुडघे बोलायला लागले. थांब्याशेजारच्या चहाच्या दुकानातून मॉरीन हे बघत असे. एकदा तिने हटकलंच.

"अगं ऑलिव्ह, तू खिडकी सजवतेयस की कवायत करतेयस?"

"तू येऊन उभी राहा मग बाहेर."

"आणि माझी गिऱ्हाइकं?"

"दोघं तर आहेत. त्यांनाही घेऊन ये."

मॉरीन हसली, पण आली नाही. तिचंही बरोबरच होतं म्हणा. दोन गिऱ्हाइकं असणाऱ्याला दुकान सोडणं जास्तच जड जातं.

मार्चमधल्या एका मंगळवारी बाई बेकरीच्या काचेत गुडघ्यांवर बसून मोठा गोल पाव कुठे ठेवावा या विचारात होत्या. त्यांनी सहज मान वर केली. समोर थांब्याच्या निवाऱ्यात, बाकावर एक म्हातारा बसला होता. काठी, राखाडी टोपी, मांडीवर कागदी पिशवी. त्याने हात उचलला आणि चर्चच्या दिशेला हलवला.

बाई थबकल्या. त्यांनी पाव तिकडे सरकवला. अजून, असं हाताने म्हणाला. त्यांनी अजून सरकवला. मग त्याने मूठ मिटली.

त्याला मुठीची खूण कोणी शिकवली, देव जाणे. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्यांना धड रडताही येईना. तेवढ्यात दहा वीसची बस आली आणि तो गेला.

तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. बाई मग बारीकसारीक कामं त्या दोन दिवसांसाठी राखून ठेवायला लागल्या. सोमवारी आठवणीने केस धुवायच्या. दोघं कधी बोलले नाहीत. रस्ता ओलांडून जावं असं बाईंना पुष्कळदा वाटलं, पण बूट घालेपर्यंत बस यायची. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. बोललं की माणूस ओळखीचा होतो, मग हवापाणी निघतं, गुडघे निघतात. हात हलवणारा मात्र आठवड्यातून दोन वेळा फक्त तुमच्यासाठी असतो. आता त्या स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन बघेनाशा झाल्या. बाहेरचा माणूस होता ना.

सप्टेंबरात टॅमसिन आली. बिचारीला कसं बोलावं कळत नव्हतं.

"मिस ग्रिमशॉ, राग मानू नका. पण लोक म्हणतात, खिडक्या वाकड्या दिसतात. सगळं एका बाजूला गेल्यासारखं."

"कोण लोक?"

"बरेच. म्हणजे… सगळेच."

"चौतीस वर्षं खिडक्या लावल्यात मी. तेव्हा तुझी आईसुद्धा बाबागाडीत होती."

"हो, पण समितीत कागदवाल्यांचं पारडं जड आहे. नोव्हेंबरात हॉलरॉइडची काच वाकडी दिसली तर किल्ल्या परत घेतील. मी काही करू शकणार नाही."

"माझा बाहेरचा माणूस आहे," बाई ताठ मानेने म्हणाल्या. "तो मूठ मिटतो तेव्हाच मी थांबते."

त्यांनाही मधूनमधून शंका यायची, नाही असं नाही. पण नियम तो नियम.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांब्यावर पिवळी चिठ्ठी लागली. प्रवासी नाहीत, सबब दहा वीसची बस बंद. मंगळवारी बाक रिकामं. शुक्रवारी रिकामं. बाई काचेत बसून वाट बघत राहिल्या, हातात कागदाची मोठी चांदणी घेऊन. पुढचा मंगळवारही तसाच गेला. शेवटी त्यांनी मॉरीनला विचारलं.

"तो होय? सेसिल डक्सबरी," मॉरीन म्हणाली. "बायको पलीकडच्या गावात वृद्धाश्रमात असते, तिला भेटायला जायचा. आता बसच नाही म्हटल्यावर घर सोडून तिकडेच राहायला गेला. चहा घ्यायचा माझ्याकडे कधीमधी. म्हणायचा, समोरची बाई माझं ऐकते. घरात कोणी ऐकायचं राहिलं नाही, पण ती ऐकते."

बाई बूट काढून परत काचेत शिरल्या.

पडदा शनिवारी चार वाजता उघडायचा होता. हॉलरॉइडच्या काळात नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी नाताळच्या काचेवरचा पडदा असाच उघडायचा आणि सगळं गाव गोळा व्हायचं. त्या दिवशी दुपारपर्यंत बाईंनी सगळं मांडलं, हात सवयीने चर्चच्या बाजूलाच गेला. मग पडदा थोडा वेळ बाजूला सारून त्या बघायला रस्ता ओलांडून आल्या. कितीतरी महिन्यांनी. आणि उभं न राहता सेसिलच्या जागेवर बाकावर बसल्या.

बाकावरून बघितलं तर निवाऱ्याचा जाड खांब, त्यावर वेळापत्रकाची पाटी, आणि त्या दोन्हींच्या मागे काचेचा पोस्टाकडचा तिसरा हिस्सा पार झाकलेला. उरलेल्या भागात चांदणी अगदी मधोमध होती. चांदणीखाली मांडलेलं छोटं गाव अगदी मधोमध होतं. बाई उठून उभ्या राहिल्या, दोन पावलं बाजूला झाल्या. सगळं वाकडं. परत बसल्या. सगळं सरळ.

पाय दुखत असतील म्हाताऱ्याचे. उठून बघणं जमत नसेल. खांबाआड जे जातं ते त्याला दिसायला हवं होतं, एवढंच. आठ महिने सगळा गाव बाईंची नजर गेली म्हणत होता, आणि बाई आठ महिने एकाच माणसासाठी खिडक्या लावत होत्या. त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग कुठलंच काही येईना. थंडी मात्र वाजत होती.

दोन तास हातात होते. त्यांनी बूट काढले, आत शिरल्या आणि सगळं पोस्टाच्या बाजूला दोन वीत सरकवलं. शेवटी खिडकी रस्त्याची असते, हेही त्यांना चौतीस वर्षांनी शिकवलं होतं.

चार वाजता पडदा उघडला. तीसेक माणसं होती. "वा!" झालं, अगदी पूर्वीसारखं, थोडं बारीक. टॅमसिनने त्यांना मिठीच मारली. "मिस ग्रिमशॉ, तुमची नजर परत आली!" समितीचे गृहस्थ चहा पीत म्हणाले की अजून एक वर्ष किल्ल्या ठेवा, आणि वाटलं तर खाटकाचं दुकानही घ्या. मॉरीनकडे त्या दिवशी अकरा गिऱ्हाइकं झाली.

मंगळवारी सकाळी ऑलिव्हबाई दहाच्या सुमारास आल्या, पण काचेकडे न जाता बाकावर जाऊन बसल्या. दहा वीस झाले. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोर खांबाने अर्धी चांदणी खाल्ली होती. बाईंनी हात उचलला आणि हळूच चर्चच्या बाजूला हलवला. मग अजून थोडा.

काचेत कोणीच नव्हतं. त्यांनी मूठ काही मिटली नाही.